दोघींनी वाटून घेतलेलं औषध

आये,

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे काही गोड वाचायला मिळेल अशी आशा नको. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी शिकले, शिकवायला लागले, तरी हा राग जागचा हलत नाही. आज कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. विषय असा, की ऑक्सिजनपासून तयार झालेले तापट रेणू जंतूच्या पेशीत शिरले की त्याच्या डीएनएची मोडतोड होते, आणि जंतू ती मोडतोड कशी दुरुस्त करतो. दरवर्षी शिकवते. फळ्यावर चित्र काढते, बाण दाखवते, मुलं मुकाट्यानं उतरवून घेतात. आज मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, औषध अर्धंच दिलं तर?" प्रश्न चांगला होता, परीक्षेत घालावा असा. उत्तर मला येत होतं, तरी मी ते दिलं नाही. पाणी प्यायले, घसा बसल्याचं नाटक केलं, तास लवकर सोडला. घरी आल्यावर चहासुद्धा न टाकता हे लिहायला बसलेय. हे कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. तरी लिहिते, कारण जे सांगायचंय ते बाकी कोणाला सांगण्यासारखं नाही.

तुझा स्वभाव पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होता, पण त्यात तुझं एकटीचं काही नव्हतं, पाडाच तसा. कोणी ओढ्यातून खेकडे धरून आणले की पळसाच्या पानांवर वाटे पडायचे, आणि धरणाऱ्याचा वाटा नि नुसतं बघत उभं राहिलेल्याचा वाटा सारखाच. घरात एक अंडं उकडलं तर तू ते सुरीनं नाही, शिवायच्या दोऱ्यानं कापायचीस, म्हणजे पिवळं दोन्हीकडे सारखं जाईल. मी लहान असताना जत्रेत एकदा मावशीच्या पोरीकडे पाठ करून मी अख्खी जिलबी एकटीनं संपवली होती. तू बघितलंस. मारलं नाहीस, पण सगळ्या माणसांत माझी हनुवटी धरून विचारलंस, "घास उतरला कसा गो तुझ्या गळ्याखाली?" ते मला माराहून जास्त लागलं. तेव्हापासून मी कोणासमोर एकटीनं काही खाल्लं नाही. म्हणजे तुझं शिकवणं किती पक्कं होतं ते मला माहीत आहे, आणि माझी तक्रारही तीच आहे.

दोन हजार चौदाच्या भातकापणीत तुझा खोकला सुरू झाला. तू म्हणायचीस, भाताची कुसं गेली घशात. कापणी झाली, झोडणी झाली, नाचणी घरात आली, तरी कुसं काही निघेनात. लुगड्याच्या निऱ्या जास्त पडायला लागल्या तेव्हा बाबा पहिल्यांदा घाबरले. मी तेव्हा डहाणूच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं, आणि क्षयाच्या ज्या जंतूचं चित्र मी वहीत रंगवलं होतं तोच तुझ्या छातीत निघाला. तलासरीच्या दवाखान्यातून आपल्या पाड्यावर, झरीला, परत येताना जीपमध्ये तू एकच वाक्य बोललीस. "कोणाला सांगू नको." मी म्हटलं, लपवण्यासारखं काही नाही, सहा महिन्यांत बरी होशील, फक्त गोळ्या चुकवायच्या नाहीत. तू मान हलवलीस. मला वाटलं, पटलं.

तेव्हा औषध आठवड्यातून तीन दिवस असायचं. पहिले दोन महिने प्रत्येक वेळी पाड्यावरच्या आरोग्यसेविका आशाताईंच्या समोर गिळायचं. नंतरचे महिने सोमवारची खुराक त्यांच्या समोर, आणि बुधवारची नि शुक्रवारची पाकिटात घरी न्यायची. पुढच्या सोमवारी रिकामं पाकीट परत दाखवायचं. तू त्यांच्याकडे कधी उशिरा गेली नाहीस. तुझं अंग भरायला लागलं, खोकला थांबला, आणि चिकूचा हंगाम आला तशी तू दरवर्षीसारखी सरावलीला मावशीकडे राहायला गेलीस. सोमवारी सकाळी आशाताईंपुढे गोळ्या गिळून, पाकीट कमरेला खोचून तू निघायचीस ती शनिवारी संध्याकाळी परत. हंगामाच्या पहिल्या मजुरीतून तू डहाणूच्या बाजारातून मला प्रयोगशाळेत घालायचा पांढरा ॲप्रन आणलास. दोन मापं मोठा. मी कुरकुरले तर म्हणालीस, "राहू दे, अंगात भरशील." मी काही त्यात भरले नाही. बाह्या दुमडून दुमडून तीन वर्षं वापरला.

मी कधी कधी कॉलेज सुटल्यावर वखारीत तुम्हाला बघायला यायचे. गोणपाटावर तू नि मावशी मांडीला मांडी लावून बसलेल्या, पुढ्यात चिकूंचा ढीग. हातांनी चोळून भुसा काढायचा आणि मोठा, मधला, बारका असं निवडत जायचं. गप्पा नंतर मारा म्हणून शेठ मधूनच गुजराती मिसळून ओरडायचा, "चालो बेन, गाडी भरायची हाय, वातो पछी." दुपारी दोघींचे डबे एकाच ताटात ओतले जायचे आणि कोणाची भाजी कुठली ते कळायचं नाही. मावशी खोकायची. मी विचारलं तर म्हणाली, "भुसा गो, भुसा जातो नाकात." तू तिच्याकडे बघितलंही नाहीस, चिकू निवडत राहिलीस. एकदा तुम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतात. काय झालं म्हटलं तर सांगेनात. ते मला खूप नंतर कळलं: मावशीला सकाळी लाल लघवी झाली, ती घाबरून रडायला लागली, आणि तू तिला सांगत होतीस, अगं त्या लाल कॅप्सुलीनं होते तशी, मला पण होते. हसणं माझ्या डोळ्यांसमोर आहे, आये. त्याच्यामागे काय चाललं होतं ते मला दिसलं नाही.

आणि मग तो रविवार. त्याच आठवड्यात कॉलेजात मॅडमनी एक प्रयोग दाखवला होता. निरुपद्रवी जंतू, दोन नळ्या. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, तेच जे जखमेवर ओतलं की फेस येतो. एका नळीत पुरेपूर मात्रा, दुसरीत अर्धी. दोन्हींतला थेंब थेंब बशांत पसरून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी बशा उघडल्या. पुऱ्या मात्रेची बशी स्वच्छ, अर्ध्या मात्रेच्या बशीवर ठिपके. मुलं म्हणाली, काही मेलेच नाहीत. मॅडम म्हणाल्या, "नुसते वाचलेले नाहीत हे. हे मोडले होते आणि दुरुस्त झालेत." मी त्या वाक्यानं भारावून गेले. घरी आले तर तू चुलीवर आंबील ढवळत होतीस, आणि मी लाकडाच्या फळीवर बसून तुला सगळं ऐकवायला लागले, जणू शोध मीच लावला होता.

मी सांगितलं, की औषधानं म्हणा, आपल्या अंगातल्या पांढऱ्या पेशींनी म्हणा, जंतूच्या आत जणू आग लागते. त्याचा डीएनए म्हणजे एक लांबच लांब लिहिलेली ओळ, आणि समोर तिच्या जोडीची दुसरी ओळ. आगीनं तिच्यातली अक्षरं करपतात. करपलेलं अक्षर भलत्याच अक्षराशी जोडी लावतं, आणि नक्कल चुकते. पण जंतूकडे कारागीर असतात. एक ओळीवरून हात फिरवत करपलेलं अक्षर शोधतो नि ते काढून टाकतो, दुसरा समोरची ओळ बघून बरोबर अक्षर बसवतो, तिसरा सांधा जोडतो. ओळ दोन्ही बाजूंनी तुटली तर तिची दुसरी प्रत शोधून तिच्यावरून जुळवून घेतात. आणि मोडतोड फारच झाली, की मग घाईचे कारागीर येतात. पावसाळ्यात बांध फुटला की आपण हाताला येईल तो चिखल, गवत, दगड कोंबतो ना, तसे. घाईत चुका होतात. बहुतेक चुका जंतूच्याच जिवावर बेततात, पण एखादी अशी होते, की त्या औषधाचा त्याच्यावर पुढे परिणामच होत नाही. आणि हे सगळं कधी होतं? पुरेसं औषध नसलं की. पुऱ्या औषधात दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

तू पळी थांबवलीस. "एवढास्सा जीव, नि त्याच्यात गवंडी पण हाय?"

"हो मग!"

"मंग अर्ध्या औषधात नाय मरत तो?"

"अर्ध्यात नाही मरत. उलट काही काही शहाणे होतात."

तू पुन्हा पळी फिरवायला लागलीस. मग म्हणालीस, "त्याला पण जगायचाच हाय ना गो," आणि बाबांना जेवायला हाक मारलीस. मी खूश होते, आई आपलं ऐकते, समजून घेते, प्रश्न विचारते. वर्गातल्या कितीतरी मुलांना नव्हतं समजलं ते तुला समजलं होतं. किती नीट समजलं होतं ते पुढच्या वर्षी कळायचं होतं.

औषधाचा कोर्स संपला. थुंकी तपासली, काही नाही निघालं. आशाताईंनी पेढा दिला. पाऊस आला, आवणी झाली, तू पाण्यात वाकून रोपं लावलीस आणि संध्याकाळी एकदाही तुला धाप लागली नाही. मी मनात म्हटलं, संपलं. पुढच्या दिवाळीनंतर तू पुन्हा खोकायला लागलीस आणि या वेळी कोणी कुसांचं नाव काढलं नाही.

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा नवीन मशीन आलं होतं. थुंकीत जंतू आहे का ते सांगायचं, आणि मुख्य औषध त्याला चालतं की नाही तेही त्याच दिवशी सांगायचं. सकाळी डबी दिली आणि आपण बाहेरच्या बाकावर बसलो. मी कॉलेजात त्याच मशीनबद्दल वाचलं होतं, आत काय चाललं असेल ते मला पायरी पायरीनं माहीत होतं, आणि त्याचा त्रास होत होता. आता ते जंतूंची पेशी फोडत असेल. आता ओळीचा नेमका तो तुकडा शोधत असेल, जिथे अक्षर बदललं की औषध लागत नाही. तू मात्र समोरच्या बाईच्या बाळाला खुणा करून हसवत होतीस. मला चीड आली होती. आतून कोणी बाहेर आलं की मी उठून उभी राहायचे. शेवटी आपलं नाव पुकारलं.

डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. कागद बघून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. म्हणाले, नेहमीच्या औषधाला हा जंतू आता दाद देत नाही. मग विचारलं, "बाई, मागच्या वेळी गोळ्या चुकवल्या होत्या का?" तू म्हणालीस, "पाकिटं सगळी रिकामीच परत केली." मी तर उसळलेच. म्हटलं, एक आठवडा नाही चुकला, आशाताईंना विचारा, तुम्ही प्रत्येक वेळी पेशंटलाच का दोष देता? आवाज चढला माझा. डॉक्टर पुढचे कागद भरत राहिले.

बाहेर आल्यावर तू माझा हात धरून मला झाडाखाली नेलंस. "त्याला वरडू नको. तो खरा बोलतो."

"म्हणजे?"

"सगळ्या मी नाय खाल्ल्या. मावशीला देत होते."

मला आधी अर्थच लागेना. मी वेड्यासारखी विचारत राहिले, कुठल्या मावशीला, कसल्या गोळ्या. तू शांतपणे सांगितलंस. तिला तोच खोकला होता, संध्याकाळी तोच ताप. पोरीची सोयरीक जुळत आली होती. दवाखान्यात नाव लागलं, आशा घरी यायला लागली, तर वस्तीभर झालं असतं नि सोयरीक मोडली असती. "बाजूला बसून ती खोकते, नि मी एकटी गोळ्या गिळू? तूच सांग. बुधवारच्या मी घ्यायची नि शुक्रवारच्या तिला द्यायची."

"औषध म्हणजे काय आंबील आहे का आये, वाटून प्यायला!"

"वरडू नको. माणसं बघतात."

"आणि मी सांगितल्यावर? चुलीपुढे बसून सांगितलं होतं ना तुला, अर्ध्यात मरत नाही म्हणून? तेव्हा तरी थांबलीस ना?"

तू माझ्याकडे असं बघितलंस, की हे काय विचारणं झालं. "तेव्हाच तर समजला मला. तिला आठवड्यात एकच दिवस गोळी पडत होती. तिचे शहाणे झाले असते. मंग बुधवारच्या पण तिलाच द्यायला लागले. मी सुरुवातीला दोन महिने पुऱ्या खाल्लेल्या, माझे मेलेच असतील म्हटला. तिचे तर जिवंत होते."

आये, मी त्या झाडाखाली खालीच बसले. तू म्हणालीस, ऊठ, कपडे मळतील. मला तेव्हा काय झालं ते आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. तू माझं बोलणं अक्षर न् अक्षर ऐकलं होतंस. मी सांगितलं होतं ते बरोबर होतं, तू काढलेला निष्कर्षही बरोबर होता. फक्त तो तू स्वतःला सोडून सगळ्यांना लावलास. सोमवारी आशाताईंपुढे गिळलेल्या एका खुराकीवर तू तो सगळा हंगाम काढलास, आणि तुझ्या छातीत कुठे कुठे दडून बसलेल्या जंतूंना हवा तेवढा वेळ मिळाला. आठवड्यातून एकदा त्यांच्या अंगात आग लागायची, मग पुढच्या सोमवारपर्यंत कारागीर कामाला. मी वर्गात हे शिकवते तेव्हा "पुरेशा मात्रेअभावी" असा शब्द वापरते. मुलं तो अधोरेखित करतात.

त्याच दिवशी मी सरावलीला गेले. मावशी अंगणात सुक्या बोंबलांच्या काड्या सोडवत बसली होती, पोरीचं लग्न होऊन गेलं होतं, दाराचं तोरण अजून तसंच. मी तिला तपासायला चल म्हटलं तर ती ऐकेना. "मी बरी हाय गो आता, तुझ्या आईनं बरा केला मला." ती हे इतक्या मायेनं बोलली, की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी मी म्हटलं, आईनं बोलावलंय. त्यावर ती लगेच चप्पल शोधायला उठली. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर आम्ही बसलो. खोकला पूर्ण गेला नव्हता तिचा. डबी आत गेली. मला भीती वाटत होती की हिच्यातही तेच निघणार, आणि मग तू जे केलंस ते सगळंच फुकट. पण आये, आज खरं लिहायचं म्हणून लिहिते, माझ्या भीतीला एक दुसरी बाजूही होती. हिचा जंतू साधा निघाला तर काय, याचीही भीती वाटत होती.

साधा निघाला. जंतू होता, पण औषधाला दबणारा. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे बाई, आठवड्यात दोन खुराकांवर राहूनही बिघडला नाही. सहा महिने नीट घेतलं की झालं. मावशीनं आकाशाकडे बघून हात जोडले. मी तिला घरी पोचवलं आणि स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेशेजारी उभी राहून रडले. एक रिक्षावाला म्हणाला, "काय झाला ताई, पाकीट मारला काय?" मी हो म्हटलं.

मी त्यावर नंतर पुष्कळ विचार केला, आये, पुस्तकं घेऊन बसले. एका बहिणीत घाईच्या कारागिरांनी एक अक्षर चुकवलं आणि ती चूक जंतूच्या पथ्यावर पडली. दुसरीत तशी चूक झाली नाही, किंवा झाली तरी टिकली नाही. त्यात औषध कमी-जास्त पडण्याचा भाग होता, नशिबाचाही होता. कदाचित सुरुवातीपासूनच तुझ्यात असा एखादा हट्टी जंतू दडलेला असेल आणि तू सगळ्या गोळ्या खाल्ल्या असत्यास तरी वाचला असता. असं होतं. शास्त्र म्हणून मला ते मान्य आहे. मुलगी म्हणून नाही.

मग तुझी लांबलचक औषधं सुरू झाली. रोज इंजेक्शन, ओंजळभर गोळ्या. त्या बघून तू म्हणालीस, "आता एवढ्या हायत, तर वाटून घ्यायला कोणी येत नाय," आणि स्वतःच हसलीस. मी हसले नाही. पुढचं शिकायचं मी लांबणीवर टाकलं आणि घरी राहिले, तू गोळी गिळलीस की तोंड उघडायला लावून बघायचे. तू उलटी करायचीस, पुन्हा घ्यायचीस. एक गोळी चुकवली नाहीस, हे मी कोणापुढेही शपथेवर सांगेन. इंजेक्शनांनी तुझे कान जायला लागले. आधी कोंबडं ऐकू येईना, मग बाबांची हाक, मग मी. मी ओरडून बोलायचे आणि लोकांना वाटायचं मी भांडतेय. कधी कधी भांडतच असायचे. तुला ऐकू येत नाही म्हणून मी तुझ्या तोंडावर बोलून घ्यायचे, की मला विचारलं का नाहीस, मावशी तुझी बहीण आहे तर मी कोण आहे, तुझ्यावर माझा काहीच हक्क नव्हता का. तू माझ्या ओठांकडे बघत राहायचीस. मग गालावरून हात फिरवून म्हणायचीस, "जेवलीस का?"

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात तू गेलीस. मावशीनं तुला आंघोळ घातली. ती तेव्हा पूर्ण बरी झालेली होती, दंड चांगले भरलेले, घागर एका हातानं उचलत होती. मी तिच्या दंडांकडेच बघत होते.

नंतर दोन वर्षं गेली. मी पुढचं शिकायला लागले, सुट्टीत सरावलीला जायचे. मावशीकडे गेलं की जेवल्याशिवाय सुटका नसते, तुला माहीतच आहे. एका दुपारी तिनं मला कोलंबीचं कालवण वाढलं, समोर बसली, आणि मी दुसरी भाकरी नको म्हणतेय तोवर अचानक विचारलं, "तू याचाच शिकतेस ना? मंग खरा सांग. मी तिच्या गोळ्यांतल्या अर्ध्या खाल्ल्या म्हणून गेली का ती?"

तिला अजूनही वाटत होतं, अर्ध्या. तू बुधवारच्याही तिलाच देत होतीस हे तू तिला कधी सांगितलं नव्हतंस. बहुतेक म्हणालीस असशील, दवाखान्यातून जास्तीच्या मिळतात. तिच्या पळीतलं कालवण सांडत होतं. मी म्हटलं, "मावशी, असं कोणीच सांगू शकत नाही. जंतू आधीपासूनही तसा असू शकतो. तिनं सगळ्या खाल्ल्या असत्या तरी असंच झालं असतं कदाचित." यातला शब्द न् शब्द पुस्तकात दाखवता येईल असा होता. तिनं पळी खाली ठेवली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "देवानं वाचवला मला या पापातून." मी भाकरी घेतली आणि खाल्ली. जे मी तिला सांगितलं नाही ते सांगितलं असतं, तर तू ज्या बाईला जगवलंस ती त्या दिवशीच आतून मेली असती, एवढं मला कळत होतं. म्हणजे शेवटी तू राखलेलं गुपित मीही राखलं. त्याचाही मला राग येतो.

आजच्या त्या मुलीला उद्या उत्तर द्यायचं आहे. देईन. अर्ध्या औषधानं काय होतं ते फळ्यावर नीट काढून दाखवीन, आणि सांगेन की आपल्या गोळ्या कोणाशीही वाटायच्या नसतात, बहिणीशीसुद्धा नाही. तुझं नाव घेणार नाही.

मावशीचा परवा फोन आला होता, रविवारी ये म्हणाली. मी हो म्हटलं. जाईन, तिचं बीपीचं औषध घेऊन जाईन, तिच्या हातचं पोटभर जेवीन. आये, तिच्या दारात पाय ठेवताना दर वेळी माझ्या मनात एक विचार येतो, की ही का राहिली. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, की बरं झालं, ही तरी राहिली. मला वाटलं होतं, वर्षं गेली की त्यांची जागा बदलेल. पण पहिला विचार अजून पहिलाच येतो.